कुंकवाचं बोट

साक्रीच्या वरच्या अंगाला, कान नदी डोंगरातून नुकतीच मोकळी होते त्या वळणावर नथ्थू मिस्त्रीचं घर होतं. ज्या काळी विहिरीविहिरींवर ऑइल इंजिनं धडधडायची, त्या काळी नथ्थूला उसंत नसायची. त्याची दुरुस्तीची रीत निराळी होती. पान्याचं एक टोक चालत्या इंजिनावर टेकवायचा, दुसरं कानाशी धरायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणायचा, "याना घसा बसेल शे." उघडून पाहावं तर खरंच आत काहीतरी अडकलेलं असायचं.

त्याची बायको ताईबाई पाण्याचा डबा घेऊन शेजारी उभी असायची. पाइपात पाणी भरणं, विहिरीतल्या पाइपाच्या तळाचा फुटव्हॉल्व्ह वर काढला की त्यातला पालापाचोळा बोटांनी उपसणं, ही कामं तिची. लग्न होऊन आली तेव्हा इंजिनाच्या आवाजाने दचकणारी ही बाई पुढे पुढे नवऱ्याच्याही आधी सांगू लागली, की आज यंत्राचं मन लागत नाही.

दसऱ्याला नथ्थू सगळी हत्यारं रॉकेलने धुऊन, पुसून घोंगडीवर मांडायचा. ताईबाई डोक्यावरून पदर घेऊन प्रत्येकाला हळद-कुंकवाचं बोट लावायची. पान्याला, हातोडीला, छिन्नीला, आणि दुरुस्तीला आलेलं एखादं इंजिन अंगणात असलं तर त्यालाही. इंजिनाचं कपाळ कुठलं हे तिचं तीच ठरवायची. त्या दिवशी कुणीही बोलवायला येवो, नथ्थू पान्याला हात लावायचा नाही. "आज त्यास्ना सन शे," म्हणायचा.

सुकदेव या दोघांचा एकुलता एक. यंत्राचा कान बापाकडून आला आणि चिकाटी आईकडून. धुळ्याला आयटीआय केलं, मग कुणीतरी सांगितलं की विमानाच्या दुरुस्तीचंही शिक्षण असतं. गावाने हसून घेतलं. सुकदेव नागपूर, इंदूर असा फिरत राहिला, विमानांची चाकं पुसत, पत्रे घासत. रात्रपाळी करून दिवसा अभ्यास करायचा. इंग्रजीतले पेपर, एकात पास तर दोनात नापास. अखेर परवाना हातात पडला, आणि धुळ्याहून साक्रीकडे येताना लागणाऱ्या भोकरमाळावर वैमानिक घडवणारी शाळा निघाली, तिथे तो लागला, धुळ्याला बिऱ्हाड केलं. विमानाला 'उडायला लायक आहे' असं म्हणण्याचा हक्क आता 'सुकदेव नांद्रे' या त्याच्या सहीला होता.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं या सहीवरच उभं आहे.

मोटार बिघडली तर माणूस रस्त्याच्या कडेला उभी करतो. आकाशाला कड नाही. म्हणून देशातल्या प्रत्येक विमानावर, मग ते दोन माणसांचं इवलंसं का असेना, दिल्लीच्या एका खात्याची नजर असते. लोक त्याला डीजीसीए म्हणतात. त्या खात्याची माणसं वर्दी न देता येतात, कपाटं उघडतात, पान्यांची मापं तपासतात, कुठला स्क्रू कुणी आणि कधी बदलला ते विचारतात. प्रत्येक कामामागे एक माणूस लागतो, नावानिशी. सकाळी विमान उडण्यापूर्वी कुणीतरी त्याच्याभोवती फिरून, हात लावून, वाकून बघायचं आणि सही करायची. दिल्लीला भोकरमाळ दिसत नाही. तिला दिसते ती सही. त्या सहीवर ती विश्वास टाकते आणि पोरं आकाशात जातात.

गावात या सहीची थट्टा व्हायची, पण तिच्यात कौतुक होतं. पारावर बसलेला सुपडूनाना, सुकदेव मोटरसायकलवरून आला की ओरडायचा, "ऱ्हाय रे भो, मन्ही बकरी दुसरा गाव जाई ऱ्हायनी, तुन्ही सही व्हयनी का?" आणि ताईबाई, जी कधी कुणापुढे बढाई मारत नसे, ती भाकरी थापता थापता शेजारणीला सांगायची, "मन्हा सुकदेव हा म्हनस तवय विमान उडस."

मधल्या काळात नथ्थू काविळीने गेला. बायकांनी रीतीप्रमाणे ताईबाईचं कुंकू पुसलं. त्यानंतर तिने करंड्याला हात लावला नाही. गावात तिला कुणी काही म्हणत नव्हतं. म्हणायची वेळच तिने कुणावर येऊ दिली नाही. श्रावणात कानबाईच्या रोटांच्या सणाला ती चुलीपाशी बसायची, देवीपुढे यायची नाही. बारशाला सगळ्यांच्या आधी जायची, पाणी भरायची, भांडी घासायची, आणि ओटी भरायची वेळ झाली की मागच्या दाराने निघून यायची. दसऱ्याला हत्यारांची पूजा आता सुकदेवची बायको रत्ना करू लागली. ताईबाई ओट्यावर बसून नुसती बघायची. तिची उजव्या हाताची बोटं मांडीवर उगाच हलत राहायची.

भोकरमाळावरच्या शाळेत दसऱ्याची पूजा सुकदेवनेच सुरू केली. बाप हत्यारांचा सण पाळायचा, तो पोराने पत्र्याच्या उंच शेडमध्ये, विमानांच्या पंखांखाली नेला. पण तो विमानांचा माणूस होता. पूजेआधी तो स्वतः प्रत्येक विमानाची बारीक भोकं झाकायचा. विमानाच्या डाव्या कुशीला, पुढच्या अंगाला, चांदीच्या रुपयासारखी एक चकती असते आणि तिच्यात सुईने पाडावं तसं भोक असतं. बाहेरची हवा त्या भोकातून आत जाते आणि तिच्यावरून विमानाला कळतं की आपण किती उंच आहोत, किती वेगात आहोत. विमान त्या भोकातून श्वास घेतं म्हणा ना. सुकदेव त्यावर चिकटपट्टी लावायचा, पूजा झाली की काढायचा. एक दसरा चुकला नव्हता.

हे घडलं त्या वर्षी शाळेत डिंपल नावाची मुलगी होती. जामनेरची, कापसाच्या व्यापाऱ्याची लेक. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. सुकदेवच्या डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा तिने पहिल्या महिन्यातच वाटून घेतला होता. "सुकदेवदादा, हे कोण बनवतं?" "माझी आई. गावाहून पाठवते." "मग आईंना सांगा, पोरगी जामनेरची आहे, तिखट थोडं जास्त चालेल." पुढे एकदा ती मोटरसायकलवर मागे बसून गावालाच गेली. ताईबाईच्या चुलीपुढे मांडी घालून जेवली आणि जाताना पाया पडून 'आजी' म्हणून आली. त्यानंतर ताईबाईच्या डब्यात एक भाकरी जास्त येऊ लागली.

"आजी, दसऱ्याला शाळेत यायचं," डिंपलने फोनवर बजावलं. "मी आता एकटी विमान उडवते. माझं विमान बघायचं."

ताईबाई आली. एसटीने साक्रीहून, धुतलेलं हिरवं लुगडं नेसून, पिशवीत सगळ्यांसाठी खापरावरच्या पुरणपोळ्या घेऊन. शेडच्या दाराशीच भिंतीला टेकून उभी राहिली. रत्नाने विमानांची पूजा केली, नारळ फुटला, झेंडूच्या माळा वाऱ्यावर हलल्या. सुकदेवने चिकटपट्ट्या काढल्या, हातातल्या फडक्याने जिथे जिथे गुलाल-कुंकू होतं ते पुसलं, आणि सगळ्यांना आपट्याची पानं द्यायला कचेरीकडे गेला.

डिंपलने पूजेचं ताट उचललं आणि ताईबाईपुढे धरलं.

"आजी, माझ्या विमानाला तुम्ही लावा."

"नही बेटा. मन्हं कपाय पुसेल शे. रत्नाले सांग."

"रत्नावहिनींनी सगळ्यांना लावलं. माझ्या विमानाला तुम्हीच लावायचं. मला आजी नाही. तुम्ही नाही लावलं तर उद्या मी विमानात बसणारच नाही, बघा."

ताईबाई हसली, मग रडली, मग परत हसली. डिंपलने तिचं मनगट धरून तिला विमानापाशी नेलं. विमानाला कपाळ कुठे असतं? ताईबाईने पुढून बघितलं, तिथे पंखा होता. बाजूला आली. तिथे पांढऱ्या अंगावर एक चकती चमकत होती. तिने हळद-कुंकू तुपात कालवलं, नथ्थूच्या इंजिनांना लावायची तसं, वाऱ्याने उडू नये म्हणून. आणि त्या चकतीवर बोट टेकवलं. ठसठशीत.

कचेरीच्या दारातून सुकदेवला लांबून एवढंच दिसलं, की आई विमानापाशी उभी आहे आणि तिचा हात वर गेला आहे. आपण बघतोय हे कळलं तर ती लाजेल, हात मागे घेईल, म्हणून त्याने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणे त्या विमानाभोवती फिरला. चाकं बघितली, तेल बघितलं, पंखांच्या कडांवरून हात फिरवला. डाव्या कुशीला येऊन थांबला. चकतीवर कुंकू होतं, वाळून घट्ट झालेलं, कडेला हळदीची पिवळी रेघ. त्याच्या हातात फडकं होतं. नुसतं एकदा फिरवायचं होतं.

पण फडकं पुढे जाईना. बायकांनी आईचं कपाळ पुसलं तेव्हा तो ओसरीत उभा होता. त्याने ते हात बघितले होते. इतक्या वर्षांनी तिने लावलेलं हे पहिलं कुंकू होतं आणि ते आपण पुसायचं? तो वाकला. कुंकवाच्या एका कडेने भोक जरासं उघडं दिसल्यासारखं वाटलं. हवा जाईल, तो मनाशी म्हणाला. उडेल तसं वाऱ्याने आपोआप झडून जाईल. त्याने हात जोडले आणि सही केली.

डिंपलनेही ते बघितलं. उडण्यापूर्वी वैमानिकाने स्वतः बघायचं असतं, ते तिने बघितलं. दादांची सही आहे म्हणजे दादांनी तपासलंय, तिने मनात म्हटलं. आजीचं कुंकू तिलाही पुसवलं नाही.

विमान चढलं तेव्हा काही कळलं नाही. भोक पुरतं बुजलं नव्हतं, हवा आत-बाहेर होत होती, पण उशिरा, दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी. उतरायची वेळ आली तेव्हा वेग दाखवणारा काटा मागे राहिला. खरा वेग कमी झाला होता, काटा सांगत होता पुरेसा आहे. डिंपलने काट्यावर विश्वास ठेवला, जसं तिला शिकवलं होतं तसं. तिने विमानाचं नाक थोडं वर धरलं आणि विमानाच्या अंगातलं बळच गेलं. धावपट्टी समोर दिसत असताना ते अलीकडच्या कपाशीच्या शेतात पडलं.

कापूस वेचणाऱ्या बायकांनी तिला बाहेर ओढलं. पांढरी बोंडं तिच्या केसांत अडकली होती. ती शुद्धीवर होती आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "वेग तर होता ना? वेग होता ना?"

तिच्या पाठीचा मणका मोडला होता. घरच्यांनी तिला जळगावच्या इस्पितळात नेलं. जीव वाचला.

दिल्लीहून माणसं आली. त्यांतले मुख्य ढवळे साहेब मूळचे वऱ्हाडातले, मराठी बोलणारे, कमी बोलणारे. त्यांनी शेताभोवती दोरी बांधली, विमानाचा एकेक तुकडा फिरून बघितला. विमान डाव्या कुशीवर पडलं होतं. ती बाजू चेपून ओल्या काळ्या मातीत रुतली होती. चकतीच्या भोकात मातीच माती. आधी तिथे काय होतं हे सांगणारं आता काही उरलं नव्हतं. त्या सकाळी ते बघितलेली दोन माणसं उरली होती. एक इस्पितळात पडून होती आणि काही बोलत नव्हती. दुसरा सुकदेव.

शाळेचा कारभार पाहणारा प्रेमराज त्याला शेडमागे घेऊन गेला.

"सुकदेव, एक सांगू का? काही बोलायची गरज नाही. पोरगी नवीन होती, वेग सांभाळता आला नाही, असंच निघेल. असं होतंच शिकताना. तिला काय, ती आता उडणार आहे थोडीच?"

"आणि तिनं बरोबर केलं असेल तर?"

"अरे, तुझा परवाना जाईल. शाळेला कुलूप लागेल. आणि मला माहीत आहे त्या दिवशी कुणी काय लावलं ते. तुझ्या म्हातारीला गावात तोंड दाखवता येईल का? कपाळ पुसलेल्या बाईनं कुंकू लावलं आणि विमान पडलं. लोक काय म्हणतील तुला माहीत आहे."

सुकदेवला माहीत होतं. प्रेमराजने सांगायच्या आधीपासून, विमान पडल्याचा आवाज आला त्या क्षणापासून त्याला तेवढंच माहीत होतं.

तो जळगावला गेला. डिंपल पाठीवर सरळ पडून होती, मान हलवता येत नव्हती, नुसते डोळे त्याच्याकडे वळले.

"दादा, मी सांगितलं नाही कुणाला."

"काय?"

"कुंकवाचं. साहेब येऊन गेले. मी म्हटलं आठवत नाही. आजींना कळता कामा नये."

"मग चूक तुझी ठरेल, बाई."

"ठरू दे." मग तिचा आवाज फुटला. "पण दादा, माझा वेग होता ना? मी काट्याकडे बघतच होते. खरंच बघत होते."

परतीच्या एसटीत सुकदेव खिडकीशी बसून राहिला. बाहेर केळीच्या बागा सरल्या, कपाशी सुरू झाली. वेग होता का, याचं उत्तर साऱ्या दुनियेत फक्त त्याच्याकडे होतं. ते त्याने दाबून ठेवलं तर ही पोरगी जन्मभर स्वतःलाच विचारत राहणार. आणि पुढच्या दसऱ्याला कुठल्या तरी दुसऱ्या माळावर, दुसरी कुणी आई, तशाच मायेने बोट टेकवणार. सांगितलं तर त्याची स्वतःची आई त्याखाली चिरडणार. दोन्हीकडे एकेक बाई पडलेली दिसत होती. मधला रस्ता त्याने धुळे येईपर्यंत शोधला. तो सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी ढवळे साहेबांपुढे तो जाऊन बसला.

"साहेब, त्या भोकावर कुंकू होतं. तुपात कालवलेलं, वाळलेलं. मी सकाळी बघितलं आणि सही केली. पोरीची चूक नाही. काटा खोटं बोलला."

ढवळे साहेबांनी लेखणी खाली ठेवली नाही. "बघितलं, तर पुसलं का नाही?"

सुकदेवने दाराकडे पाहिलं. बाहेर वाऱ्याने पत्रा वाजत होता.

"साहेब, लावणाऱ्याचं नाव लिहावं लागतं का?"

"नांद्रे, आम्हाला माणूस पकडायचा नसतो. भोक कसं बुजलं ते हवं असतं, म्हणजे पुन्हा कुठं बुजणार नाही. नाव लागतं ते सही करणाऱ्याचं. ते आहेच."

"मग सांगतो. माझ्या आईनं लावलं होतं. बाप गेल्यापासून तिनं कुंकवाला हात लावला नव्हता. ते मला पुसवलं नाही."

ढवळे साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. "हे मी लिहीत नाही," ते म्हणाले. "पण नांद्रे, त्या सकाळी तुम्ही मुलगा म्हणून सही केलीत. आम्हाला दुसऱ्याच माणसाची सही हवी होती."

"हो साहेब."

परवाना थांबवला गेला. डिंपलच्या नावावर चूक लागली नाही. देशातल्या शाळांना सूचना गेली, की पूजेचं कुठलंही साहित्य विमानाच्या भोकांपाशी नेऊ नये, पूजेनंतर प्रत्येक भोक नव्याने तपासावं. त्यात कुणाचं नाव नव्हतं, गाव नव्हतं.

पण बातमीला नाव लागत नाही. ती एसटीत बसून साक्रीला पोचायच्या आत सुकदेव गावी गेला. ताईबाई ओट्यावर गहू निवडत होती. विमान पडल्याचं, पोर वाचल्याचं तिला कळलं होतं. कशाने पडलं ते नव्हतं.

अंगणाच्या कोपऱ्यात नथ्थूचा जुना फुटव्हॉल्व्ह पडलेला होता. सुकदेवने तो उचलून आईपुढे ठेवला आणि जमिनीवर बसला.

"माय, याना मा पाला अटकना तर काय व्हस?"

"मोटर फिरस. पानी येत नही."

"मंग मोटरनी चूक शे का?"

"नही."

"पालानी?"

"पालाले काय समजस रे भाऊ?" ती हसली. "जो देखत नही त्यानी चूक."

"तसंच व्हयनं माय. विमानले एक बारीक भोक ऱ्हास. ते बुजनं. देखनं मन्हं काम व्हतं. मी देखं, पन साफ करं नही."

ताईबाईचा सुपातला हात थांबला. "कशाघाई बुजनं?"

सुकदेवने फुटव्हॉल्व्ह उचलून हातात फिरवला. ती त्याच्याकडे बघत राहिली. यंत्राला कान लावून नथ्थू ऐकायचा तशी ती पोराची चुप्पी ऐकत होती.

"डावी बाजूले," ती हळूच म्हणाली, "चांदीना रुपया सारखं व्हतं ते?"

"हा."

"मी त्याले कपाय समजनू."

"माय, तुन्ही काहीच चूक नही. तुले कोनी सांगं नव्हतं. पुसनं मन्हं काम व्हतं."

"तू काबर पुसं नही?"

त्याने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मन्हा हातनं व्हतं म्हनीसन ना?"

"हा माय."

"मंग चूक मन्हा हातनीच ना रे भाऊ."

त्याने पुष्कळ सांगितलं. हवा, काटा, वेग, भोक. रत्नाने कुंकू लावलं असतं तरी हेच झालं असतं, सवाष्णीच्या कुंकवालाही ते भोक माफ करत नाही. ताईबाई सगळं ऐकत होती. तिला यंत्र कळत होतं, म्हणून तिला पटतही होतं. तिने दोनदा मान डोलावली. मग उजवा हात पदराखाली घेतला, आणि डाव्या हाताने गहू निवडू लागली.

परवाना थांबला होता तेवढे दिवस सुकदेव गावात विहिरींच्या पाणबुडी मोटारी दुरुस्त करत राहिला. बापाचे पाने पुन्हा हातात आले. सुपडूनाना पारावरून त्याला बघायचा आणि बकरीकडे तोंड करून बसायचा. थट्टा करायचा नाही. सुकदेवला त्याने थट्टा केली असती तर बरं वाटलं असतं. पाणवठ्यावरच्या बायका ताईबाई आली की एकदम भाज्यांच्या गोष्टी काढायच्या. एकदा सुपडूनानाची सून कुंदाबाई लेकराला कडेवर घेऊन आली, आणि ताईबाईने सवयीने हात पुढे केला. कुंदाबाईने लेकरू पुढे केलं, लगेच केलं. पण त्याआधी तिचा हात क्षणभर अडखळला होता. ताईबाईने लेकरू न घेताच हात मागे घेतला. त्यानंतर ती बारशाला भांडी घासायलाही जाईना.

परवाना परत मिळाला तेव्हा सुकदेव आईला धुळ्याला आपल्यापाशी घेऊन आला. शाळा पुन्हा सुरू झाली होती. सगळ्या विमानांच्या डाव्या कुशीला, त्या चकतीभोवती, आता लाल रंगाचं गोल कडं रंगवलं होतं. इथे काहीही लागू देऊ नका, अशी ती खूण. पहिल्या दिवशी सुकदेव ते बघून दारातच थांबला. पांढऱ्या अंगावर तो लाल गोल, लांबून अगदी कुणाच्या कपाळासारखा दिसत होता.

दसरा पुन्हा आला. शाळेत पूजा झाली, पण विमानांपासून लांब, हत्यारांची. दुपारी धुळ्याच्या घरापुढे रिक्षा थांबली. डिंपल उतरली, कमरेपासून छातीपर्यंत पट्टा बांधलेला, हातात काठी. हाड सांधलं होतं, पण वैमानिकाच्या तपासणीत डॉक्टरांनी तिला नापास केलं होतं. ती आता जळगावच्या मेहरूण भागात मावशीकडे राहून दुसरं काही शिकत होती. तिने ते हसत सांगितलं. तिला हसणं जमत होतं.

"आजी, पाया पडायला वाकता येत नाही आता. तुम्हीच उभ्या राहा," ती म्हणाली. मग देव्हाऱ्यातून करंडा उचलून तिने ताईबाईपुढे धरला आणि कपाळ पुढे केलं. "लावा."

ताईबाईचे दोन्ही हात पदराखाली होते.

"आजी, माझा वेग बरोबर होता. दादांनी सांगितलं सगळ्यांना. तुमचंही काही चुकलं नव्हतं. लावा ना."

"तुले अजून जगनं शे बेटा," ताईबाई म्हणाली. "रत्नाघाई लाई ले."

डिंपल तशीच उभी राहिली. रत्ना पुढे आली, तिने कुंकू लावलं. नंतर सगळे जेवले. ताईबाईने भाकरी डिंपलच्या ताटात वाढली नाही. दुरडी तिच्या पुढे सरकवली आणि तिनेच घ्यावी म्हणून वाट बघत बसली.

अजूनही सुकदेव रोज सकाळी विमानांभोवती फिरतो. त्या लाल कड्यापाशी वाकतो, डोळा जवळ नेतो, भोक मोकळं आहे हे बघतो, मग सरळ उभा राहून पुन्हा एकदा वाकतो. मगच सही करतो. संध्याकाळी घरी येतो तेव्हा ताईबाई दाराशी बसलेली असते. तिचं ताट झाकून ठेवलेलं असतं. शाळेला सुट्टी असो, आभाळ भरून आल्यामुळे एकही विमान उडालेलं नसो, ती सगळ्या विमानांचं विचारल्याशिवाय राहत नाही.

"बठ्ठा उतरनात का रे भाऊ?"

"उतरनात माय. बठ्ठा."

मग ती उठते, हात धुते. बराच वेळ धुते. आणि जेवायला बसते.